लोखंडाच्या रेषा, सोन्याचे आयन आणि वडाप : अणूतल्या केऑसबद्दल

शिरोलीकर (धागाकर्ता)

फाउंड्रीत काम करणाऱ्याला स्पेक्ट्रोचं कौतुक राहत नाही. भट्टीतून डावभर रस घ्यायचा, तांब्याच्या साच्यात नाणं पाडायचं, त्याचं तोंड ग्राइंडरवर घासायचं आणि आरगॉनमध्ये ठिणगी मारायची. जरा वेळात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस, गंधक, सगळ्यांची टक्केवारी स्क्रीनवर. प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश सोडतं, यंत्र तो मोजतं, एवढीच भानगड. कार्बनची रेषा १९३ नॅनोमीटरला, गंधकाची १८० च्या जरा वर, फॉस्फरसची १७८ ला. हा प्रकाश हवाच पिऊन टाकते, म्हणून आरगॉनचा खर्च.

या सगळ्यात खरा त्रास देतं ते लोखंड. ज्याची टक्केवारी कुणी विचारत नाही, त्याच्याच हजारो रेषा सगळीकडे पसरलेल्या. दुसऱ्या कुणाची रेषा बघायला जावं तर शेजारी लोखंडाची एक बसलेलीच असते, आणि मग तिचा हिस्सा वजा करायची कसरत. सोडियमचं बघा, दोन पिवळ्या रेषा आणि काम फत्ते. हायड्रोजनचं तर बाल्मरनं १८८५ मध्ये एका ओळीच्या सूत्रात बसवलं. लोखंडालाच काय झालंय?

झालंय एवढंच की त्याचं बाहेरचं घर अर्धवट भरलेलं आहे. लोखंडाच्या ३डी कवचात (कवच म्हणजे इलेक्ट्रॉनांचं घर; ३डी, ४एस, ४पी, ४एफ ही त्या घरांची नावं) दहा जागा आणि सहा इलेक्ट्रॉन. दहात सहा बसवायच्या रीती २१०. त्यातच ४एस मधला एक इलेक्ट्रॉन ४पी मध्ये उडाला की २१० गुणिले २ गुणिले ६, म्हणजे २,५२० अवस्था, आणि ही फक्त एका मांडणीची गोष्ट. आता ४एफ कवचाकडे या. तिथं जागा चौदा. त्यात आठ इलेक्ट्रॉन असले तर ३,००३ रीती. त्याच्या जोडीला आणखी एकदोन इलेक्ट्रॉन वर उडालेले धरले की आकडा कुठल्या कुठं जातो. बरं, हे इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, त्यामुळे या रीती स्वतंत्र राहत नाहीत. एकेक खरी ऊर्जापातळी म्हणजे शेकडो रीतींची मिसळ होते. "हा इलेक्ट्रॉन इथं, तो तिथं" असं पुस्तकी नाव त्या पातळीला देताच येत नाही.

इथून केऑस, म्हणजे गोंधळासारखी दिसणारी ही मिसळ, सुरू होते, आणि या धाग्यात मला एकच मुद्दा मांडायचाय. ही अवस्था ऐकायला वाईट वाटते, पण प्रत्यक्षात ती सोयीची आहे. मिसळ पुरेशी झाली की प्रत्येक पातळीचा हिशोब ठेवायची गरज उरत नाही. सरासरीचे नियम लागू होतात आणि ते भलतेच नेमके निघतात.

ही कल्पना आली अणुकेंद्राच्या बाजूनं. जड केंद्रकावर मंद न्यूट्रॉन सोडले की विशिष्ट ऊर्जांना ते झपकन गिळले जातात. या रेझोनन्सेसची रांगच्या रांग मिळते, पण एकेकीचा हिशोब मांडणं अशक्य. १९५० च्या दशकात युजीन विग्नरनं पवित्रा बदलला. केंद्रकाचं गणित माहीत नाही ना, मग त्याच्या जागी यादृच्छिक आकड्यांचं एक मोठं मॅट्रिक्स (चौकोनी तक्ता) घ्या आणि लागोपाठच्या पातळ्यांमधली अंतरं कशी विखुरतात तेवढंच विचारा. उत्तर असं आलं की दोन पातळ्या एकमेकींच्या अगदी जवळ येणं टाळतात. याचं अचूक गणित पुढं १९६० च्या सुमारास मिशेल गोदँ आणि आपले मदनलाल मेहता यांनी फ्रान्समध्ये बसून सोडवलं.

अणूंवर हे पहिल्यांदा नीट तपासलं रोझेंझ्वाइग आणि पोर्टर यांनी, १९६० मध्ये. त्यांचा निष्कर्ष आम्हा फाउंड्रीवाल्यांना जवळचा. लोखंडाच्या ओळीतल्या मूलद्रव्यांत जुनी शिस्त बऱ्यापैकी टिकून आहे, इलेक्ट्रॉनांचे स्पिन (त्यांची स्वतःची फिरकी) वेगळे आणि फिरणं वेगळं असं अजून मोजता येतं. त्याखाली दोन ओळी उतरून हाफ्नियम, टंगस्टन, इरिडियमच्या पट्ट्यात आलं की ती शिस्त मोडते आणि पातळ्या विग्नरच्या नियमानं एकमेकींपासून लांब सरकतात. म्हणजे रोज आमचं डोकं खाणारं लोखंड अजून पुरतं बिघडलेलं नाही.

यातले रेझोनन्सेस आणि आयन (इलेक्ट्रॉन काढून घेतलेले अणू) यांच्यावर प्रतिसादांत लिहितो. विचारा बिनधास्त.

---

तांबडापांढरा

वाचतोय. पहिल्या परिच्छेदापर्यंत सगळं समजलं, कारण आमच्या थोरल्या भावाची फाउंड्री आहे. पुढं "लांब सरकतात" तिथं अडलो. पातळी म्हणजे काय माणूस आहे व्हय, लांब सरकायला? कोण ढकलतंय तिला?

---

शिरोलीकर

भावा, उदाहरण घरचंच घे. स्टँडवर वडापवाले (प्रवासी भरून नेणारे खाजगी गाडीवाले) असतात. टाइमटेबल नाही, मालक वेगवेगळे. पुढची गाडी नुकतीच गेलीय असं कळलं की मागचा जरा रेंगाळतो, नाहीतर त्याला प्रवासी मिळायचे नाहीत. लई रेंगाळला तर मागून तिसरा येतो. त्यामुळे दोन वडाप एकाला एक चिकटून सहसा येत नाहीत, आणि तासभर एकही नाही असंही सहसा होत नाही. टाइमटेबल नसूनही एक प्रकारचं अंतर राखलं जातं.

ही थट्टा नाही. मेक्सिकोत क्वेर्नावाका नावाच्या गावात अशाच खाजगी बसेस आहेत. क्रबालेक आणि शेबा या दोन चेक शास्त्रज्ञांनी तिथल्या बसमधली अंतरं मोजून २००० मध्ये छापली. ती यादृच्छिक मॅट्रिक्सच्या वक्रावर (कुठलं अंतर किती वेळा येतं त्याच्या आलेखावर) बसली. तिथले ड्रायव्हर तेव्हा पुढची बस कधी गेली हे सांगायला रस्त्यावर माणसं ठेवायचे.

---

राजारामपुरी_७वी_गल्ली

उदाहरण झकास, पण अणूत कुणी रेंगाळत नाही, त्यामुळे ढकलतं कोण हा प्रश्न तसाच राहतो. गणितानं दोन ओळींत उत्तर मिळतं, ते मी देते.

समजा दोन पातळ्यांचा मूळचा फरक "फ" आहे, आणि त्यांना एकमेकींत मिसळणारी जोडणी "ज" आहे. मिसळल्यावर त्यांच्यातलं अंतर येतं: फ चा वर्ग अधिक ज च्या वर्गाची चौपट, या बेरजेचं वर्गमूळ. वर्ग ऋण होत नाहीत. म्हणजे अंतर शून्य व्हायला फ आणि ज दोन्ही एकाच वेळी शून्य व्हावे लागतात. एक आकडा योगायोगानं शून्याजवळ येणं सोपं, दोन्ही एकदम येणं दुर्मिळ. म्हणूनच अंतर जितकं लहान तितकी त्याची शक्यता कमी, अगदी सरळ प्रमाणात. विग्नरचा वक्र शून्यातून सुरू होतो तो यामुळे. ज कायम शून्यच असेल, म्हणजे पातळ्या एकमेकींना ओळखतच नसतील, तर मात्र त्या खुशाल एकमेकींवर बसतात आणि वक्र पॉयसाँचा, म्हणजे निव्वळ योगायोगानं पडलेल्या अंतरांचा, होतो.

मेक्सिकोच्या बसेसबद्दल एक पुरवणी. तिथं जुळला तो वक्र जरा वेगळा, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात चढणारा. काळाची दिशा उलटवून चालत नाही अशा व्यवस्थांचा. तिथं जोडणी संमिश्र संख्या असते, म्हणजे एकदम शून्य व्हावे लागणारे आकडे दोनाऐवजी तीन. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र नसलेल्या साध्या अणूला सरळ प्रमाणाचाच वक्र लागतो.

---

शिरोलीकर

ताई, हे असं कुणी एम.एस्सी.ला शिकवलं असतं तर!

---

निवृत्त_मास्तर

उत्तम चर्चा. मात्र मूलभूत हरकत नोंदवतो. केऑस म्हणजे सुरुवातीच्या स्थितीत केसाएवढा फरक पडला तर पुढचा मार्ग पार बदलतो, ही व्याख्या. श्रोडिंगरचं समीकरण रेषीय आहे. दोन जवळच्या अवस्थांमधला फरक त्यात काळाबरोबर वाढतच नाही. मग क्वांटम केऑस हा शब्दप्रयोग कशाच्या जोरावर करायचा?

---

राजारामपुरी_७वी_गल्ली

सर, म्हणूनच तर मार्ग सोडून ऊर्जांच्या अंतरांकडे बघतात. बेरी आणि टेबर यांनी १९७७ मध्ये दाखवलं की ज्या व्यवस्थेचं अभिजात (न्यूटनच्या गणितातलं) रूप शिस्तबद्ध असतं, तिच्या पातळ्या सर्वसाधारणपणे पॉयसाँसारख्या विखुरतात. १९८४ मध्ये बोहिगास, जियानोनी आणि श्मिट यांनी उलट बाजू मांडली: अभिजात रूप केऑटिक असेल तर अंतरं यादृच्छिक मॅट्रिक्सची. तो अंदाज म्हणून मांडला गेला होता, पण बिलियर्डच्या आकारांपासून चुंबकीय क्षेत्रातल्या हायड्रोजनपर्यंत तो टिकलाय.

अनेक इलेक्ट्रॉनांच्या अणूत अभिजात मार्ग काढत बसण्यात अर्थ नाही. तिथं कसोटी मिसळीची. सेरियमचं काम बघा, फ्लांबाउम, ग्रिबाकिना, ग्रिबाकिन आणि कोझलोव यांचं, १९९४ मधलं. बाहेरचे इलेक्ट्रॉन फक्त चार. तरीही वरच्या एकेका अवस्थेत शंभराच्या घरात मांडण्या मिसळलेल्या निघाल्या, आणि त्यांचे सहगुणक यादृच्छिक आकड्यांसारखे वागले.

---

निवृत्त_मास्तर

चार इलेक्ट्रॉनांत एवढं होत असेल तर ते लक्षणीय आहे, मान्य. तरीही अंतर्मनात खटकतं. कारण सापडत नाही म्हणून सरासरी काढणं ही भौतिकशास्त्राची हार नव्हे काय?

---

गुजरीतला

मास्तरांच्या प्रश्नाआधी माझा एक. शीर्षकात सोन्याचं नाव दिसलं म्हणून आलो. आमच्याकडं गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, टंच (सोन्याची शुद्धता) काढायचं मशीन आहे. दागिना ठेवला, एक्स-रे मारला की सोनं, चांदी, तांबं वेगवेगळं टोकदार दिसतं. सोन्याची रेषा ९.७ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टला, कायम तिथंच, बावीस कॅरेट असो की अठरा. मग या सोन्यात गोंधळ आहे कुठं? की तुमचं सोनं वेगळं?

---

शिरोलीकर

लाख मोलाचा प्रश्न विचारलात, आणि मास्तरांचं उत्तरही यातच आहे. जरा लांबेल.

तुमचं मशीन अणूच्या आतल्या कवचातला एक इलेक्ट्रॉन उडवतं आणि वरचा खाली पडताना जो एक्स-रे निघतो तो पकडतं. आत एकच मोकळी जागा, बाकी घर भरलेलं. भरलेल्या घरात पर्यायच नसतात, म्हणून रेषा मोजक्या आणि स्वच्छ. मोजलीनं १९१३ मध्ये अणुक्रमांकाचा नियम याच जातीच्या रेषांवरून काढला. सोन्याचं बाहेरचं घरसुद्धा सोपं: ५डी पूर्ण भरलेलं, वर एकटा ६एस. हुपरीच्या चांदीचंही तसंच, एक घर आतलं.

आता त्याच सोन्याच्या अणूतून २५ इलेक्ट्रॉन काढून टाका. ७९ मधून २५ गेले, उरले ५४. क्झेनॉनमध्येही ५४ असतात आणि तो किती शांत वायू! पण इथं केंद्रकाची ओढ फार मोठी असल्यामुळे कवचांचा क्रमच बदलतो. जे इलेक्ट्रॉन क्झेनॉनमध्ये ५एस आणि ५पी भरून गप्प बसतात, ते इथं ४एफ मध्ये उतरतात. आठ इलेक्ट्रॉन, चौदा जागा. वर सांगितलेल्या ३,००३ रीती त्या याच.

१९९८ मध्ये हॉफक्नेख्ट आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत या आयनांच्या झोतात इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून प्रयोग छापला. प्रश्न साधा: आयन इलेक्ट्रॉन किती वेगानं पकडतो? सरळ हिशोब असा की इलेक्ट्रॉन येतो, फोटॉन सोडतो आणि चिकटतो. कमी ऊर्जेला मोजलेला वेग या हिशोबाच्या शेकडो पट निघाला. टक्क्यांत मोजायचा फरक नव्हे हा.

खुलासा असा. येणारा इलेक्ट्रॉन फोटॉन न सोडताच आत शिरतो आणि आपली ऊर्जा आतल्या एका इलेक्ट्रॉनला देतो. तो दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला. थोड्या वेळात ऊर्जा कितीतरी इलेक्ट्रॉनांत वाटली गेलेली असते. परत बाहेर पडायचं तर ती सगळी पुन्हा एकाच्याच हातात यायला हवी, आणि हजारो मांडण्यांत ती एक मांडणी म्हणजे नगण्य वाटा. तोवर कुणीतरी फोटॉन सोडून देतो आणि पाहुणा कायमचा अडकतो. अशी प्रत्येक मिसळलेली अवस्था म्हणजे एक रेझोनन्स. ते इतके दाटीवाटीनं असतात की प्रयोगात वेगळे दिसतच नाहीत, एकत्र मिळून एक जाड भिंत दिसते.

आता मास्तर, ऐका. एकेक रेझोनन्स मोजायला गेलेले हात टेकतात. ग्रिबाकिन, फ्लांबाउम मंडळींनी मोजलाच नाही. मिसळ पूर्ण झालीय असं धरून फक्त सरासरी काढली, तीही साध्या एकेका इलेक्ट्रॉनच्या कक्षांवरून. उत्तर: सरळ हिशोबाच्या सुमारे २०० पट. प्रयोगाशी जुळलं. ही हार असेल तर अशी हार रोज होवो.

---

गुजरीतला

म्हणजे २५ काढल्यावर सोनं हातात राहत नाही हेच खरं. समजलं पण. आभार.

---

तांबडापांढरा

सोन्यातनं पंचवीस काढले तरी चोख, हे फक्त गुजरीतच चालतं. (ह. घ्या.)

---

निवृत्त_मास्तर

सरासरीतून दोनशे पट उत्तर यावं आणि ते प्रयोगाशी जुळावं, तर शब्द मागे घेतो. अर्धे. उरलेले अर्धे यासाठी राखून ठेवतो की असे एकच उदाहरण पुरत नाही.

---

बिंदुचौक

मास्तर, दुसरं मी देतो, माझ्या कामाच्या वाटेवरचं. मी मूळचा इथलाच, सध्या गुजरातेत प्लाझ्मावर काम करतो.

फ्रान्समध्ये इटर ही संलयनभट्टी उभी राहतेय, भारतही त्यात भागीदार आहे. तिच्या तळाशी, जिथं सगळ्यात जास्त उष्णता आदळते, तिथं टंगस्टन आहे, कारण ते ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, धातूंमध्ये सगळ्यात उशिरा. तरी त्याचे काही अणू प्लाझ्मात उडणारच. तिथं त्यांचे इलेक्ट्रॉन झडतात, उरलेले प्रकाश सोडतात, आणि तो प्रकाश प्लाझ्माची उष्णता बाहेर घेऊन जातो. कुठल्या तापमानाला टंगस्टनवर किती इलेक्ट्रॉन उरतील यावर हे नुकसान ठरतं, आणि ते ठरतं इलेक्ट्रॉन परत पकडण्याच्या वेगावरून.

आता गंमत बघा. टंगस्टनमध्ये ७४ इलेक्ट्रॉन. त्यातले २० गेले की उरले ५४. पुन्हा तेच, ४एफ मध्ये आठ! हायडेलबर्गच्या साठवण-वलयात शिपर्स आणि सहकाऱ्यांनी हा आयन २०११ मध्ये मोजला. तोवर प्लाझ्मावाले जे तक्ते वापरत होते त्यांच्यापेक्षा वेग बराच जास्त निघाला. दुसऱ्याच वर्षी संगणकावर एकेक अवस्था घेऊन हिशोब करणाऱ्या गटालाही शेवटी अवस्थांची ताकद शेजारच्या अवस्थांत सांख्यिकी पद्धतीनं वाटून द्यावी लागली, तेव्हा कुठं कमी ऊर्जेचा भाग जुळायला लागला. म्हणजे दोन्ही वाटा एकाच ठिकाणी आल्या.

आमच्याकडं हा विषय कुणी केऑस म्हणून बघत नाही. आम्हाला तक्त्यातला आकडा हवा असतो.

---

निवृत्त_मास्तर

घ्या उरलेले अर्धेही.

---

रंकाळा_संध्याकाळ

उशिरा आले. इथं सगळं तापलेलंच चाललंय, आयन आणि प्लाझ्मा. थंडीत काय होतं? मला वाटायचं की अणू थंड केले की सगळं शिस्तीत येतं.

---

राजारामपुरी_७वी_गल्ली

छान विचारलंत. रुबिडियमसारख्या साध्या अणूंचं तसंच होतं. चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलत नेलं की मधूनच एखाद्या किमतीला दोन अणूंची जोडी जमते, त्याला फेशबाख रेझोनन्स म्हणतात, आणि ते मोजकेच असतात.

इन्सब्रुकला फ्रान्चेस्का फेर्लाइनोंच्या गटानं एर्बियम घेतलं. तापमान मायक्रोकेल्विनच्याही खाली. क्षेत्र शून्यापासून ७० गाउसपर्यंत नेलं तर जवळपास २०० रेझोनन्सेस मिळाले! २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं. त्यांची अंतरं पॉयसाँपेक्षा विग्नरच्या जवळ जाणारी निघाली, पण पूर्ण विग्नर नाही, मधलीच. दोन एर्बियमचे अणू गोल चेंडूंसारखे आदळत नाहीत. ४एफ मधल्या दोन रिकाम्या जागांमुळे त्यांना आकार येतो आणि कुठल्या बाजूनं भिडले यावर सगळं बदलतं. मिसळ तिथून येते. स्टुटगार्टच्या गटाबरोबर पुढं डिस्प्रोसियमवरही असंच दिसलं.

---

रंकाळा_संध्याकाळ

म्हणजे थंडावा काही कामाचा नाही. अणू निवडताना बघावं.

---

शिरोलीकर

एक उलटी बाजू राहू नये म्हणून. सरासरी जिथं कामाची नाही तिथं हाच केऑस आडवा येतो. माइंझमध्ये प्रोटॅक्टिनियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला नेमकी किती ऊर्जा लागते ते लेझरनं मोजायचं होतं. नेहमीची पद्धत अशी की वरच्या पातळ्यांची चढती, दाट होत जाणारी मालिका शोधायची आणि ती कुठं संपते ते बघायचं. बाहेरचे इलेक्ट्रॉन पाच, मिसळ एवढी की मालिका वेगळी काढताच येईना. त्या पातळ्यांच्या सांख्यिकीवरच मग २०१८ मध्ये वेगळा निबंध लिहिला गेला.

---

तांबडापांढरा

दादा, एवढं वाचलं तर एकदा स्वतः करून बघायची खुमखुमी आलीय. पायथन येतं. डेटा कुठून घेऊ? तुमच्या स्पेक्ट्रोतनं मिळंल का?

---

शिरोलीकर

आमचं मशीन ठरलेल्या रेषा बघतं, त्यातनं नाही मिळायचं. अमेरिकेच्या निस्ट संस्थेचा अणु-वर्णपटांचा डेटाबेस फुकट आहे. त्यात रेषा घेऊ नको, ऊर्जापातळ्या घे. उदासीन टंगस्टनपासून सुरू कर.

आता नीट वाच, सगळे इथंच फसतात. प्रत्येक पातळीपुढं 'जे' (J) म्हणजे एकूण कोनीय संवेग आणि पॅरिटी (आरशात उलटवल्यासारखं केलं तर अवस्थेचं चिन्ह बदलतं की नाही; ऑड किंवा इव्हन) दिलेली असते. सगळ्या पातळ्या एका रांगेत घातल्यास तर वक्र पॉयसाँसारखा येईल आणि केऑस गायब. कारण वेगळ्या जेच्या पातळ्या एकमेकींत मिसळतच नाहीत, त्यांची जोडणी 'ज' कायम शून्य, ताईंनी वर सांगितलंय तसं. म्हणून एकच जे आणि एकच पॅरिटी घेऊन गट पाड. प्रत्येक गटात पातळ्या वर जाताना दाट होतात, तेव्हा स्थानिक सरासरी अंतरानं भागून घे. मगच हिस्टोग्राम. गट लहान पडले तर भागून झाल्यावर अंतरं एकत्र कर, आधी नाही.

---

राजारामपुरी_७वी_गल्ली

आणि वरच्या टोकाचा भाग कापून टाक. तिथं न सापडलेल्या पातळ्या खूप असतात. मधली एक पातळी हरवली की दोन अंतरांचं एक होतं, आणि अशा बऱ्याच हरवल्या की वक्र पुन्हा पॉयसाँकडं झुकतो.

---

तांबडापांढरा

बरं. ऑड घेऊ की इव्हन?

---

राजारामपुरी_७वी_गल्ली

ऑड. वरच्या उत्तेजित पातळ्या बहुतेक त्यातच आहेत, गट मोठे मिळतील. जे ३ पासून सुरू कर, आणि हिस्टोग्राम इथंच टाक.